ऋषीचं चिनी नाव आणि आमच्या शमाताई

माझ्या नणंदेला, शमाताईंना, तीन हजार कांजी येतात. कांजी म्हणजे जपानी लिहायला वापरतात ती चिनी अक्षरं, एकेकाला दहा-पंधरा रेघा असलेली. हे मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, कारण ताई स्वतः तुम्हाला भेटल्या असत्या तर त्यांनी तिसऱ्या वाक्यात सांगितलंच असतं. मी आपली दोन वाक्यं वाचवली.

मी विभा, त्यांची एकुलती एक भावजय. माझा नवरा उदय त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटा. आम्ही तोक्योत ओजिमाला राहतो, सरकारी वसाहतीत, आठव्या मजल्यावर. ताई योकोहामाला एकट्या राहतात. वय एकसष्ट. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची ज्यांची छाती होती ते आमच्या घराण्यातले सगळे आता वर गेले.

ताई पुण्यात सहकारी बँकेत कारकून होत्या आणि संध्याकाळी जपानी भाषेच्या वर्गाला जायच्या. घरच्यांना वाटायचं, हौस आहे, फिटेल. ती फिटली नाही. एकोणीसशे एकोणनव्वद साली योकोहामाच्या एका कापडाच्या व्यापारी कंपनीने त्यांना दुभाषी म्हणून बोलावलं, आणि सव्वीस वर्षांची ही मुलगी दोन बॅगा नि मेतकुटाचा डबा घेऊन निघाली. दुभाषी हे कागदावर. पहिली चार वर्षं त्यांनी ऑफिसातल्या पुरुषांना चहा दिला. पण चहा ठेवता ठेवता टेबलावरचे कागद वाचायची त्यांना खोड होती. एकदा एका करारात माल उतरवायचं बंदरच चुकीचं लिहिलेलं त्यांनी पाहिलं, कप खाली ठेवला आणि सांगितलं. त्यानंतर चहा दुसरं कोणीतरी द्यायला लागलं. साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या, तर कंपनीने दुसऱ्या दिवसापासून परत कामावर घेतलं. तिथे काही अडलं की अजूनही म्हणतात, ‘शमा-सानना विचारा.’ हेही मला ताईंनीच सांगितलं, पण खोटं नाही. मी एकदा त्यांच्या ऑफिसात गेले होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलंय.

आता आत्याचं सांगते. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ताईंना भाऊ एकच आणि त्या भावाला मुलगा एकच. पार्थ पुण्यात झाला तेव्हा ताई योकोहामात मार्चअखेरच्या कामात अडकलेल्या, रजा मिळाली नाही. त्यांनी पत्रातून नाव पाठवलं, कौस्तुभ. ते पत्र बारशानंतर नऊ दिवसांनी आलं. तोवर चुलत नणंद अस्मिता पाळण्याशी उभी राहिली होती आणि पार्थचा पार्थ झाला होता. ताईंनी कधी तक्रार केली नाही. त्याऐवजी त्या दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला फोन करून ‘काय कौस्तुभराव’ म्हणायच्या, आणि हे एकतीस वर्षं चाललं. मी म्हणते, यापेक्षा तक्रार परवडली.

पार्थ आठ वर्षांचा असताना आम्ही इकडे आलो. हे घरही ताईंनीच शोधून दिलं, आणि कचरा कोणत्या दिवशी कोणता टाकायचा याचा तक्ता मराठीत लिहून फ्रीजवर चिकटवला. पार्थ इथेच शिकला, इथेच नोकरीला लागला, आणि कॉलेजात भेटलेल्या मेइशी त्याने लग्न केलं. मेइ लिन ही चीनमधल्या फुच्यान प्रांतातली, आईवडिलांची एकुलती एक. ती औषधांच्या कंपनीत काम करते, माझ्याशी जपानीत बोलते, मला ‘आई’ म्हणते आणि माझ्यापेक्षा पातळ पोळी लाटते. शेवटचं मला फारसं आवडत नाही.

गेल्या नोव्हेंबरात त्यांना मुलगा झाला. पार्थला बहीण नाही, म्हणजे नाव ठेवायचा मान पुन्हा ताईंकडे आला. ताई ऑफिसातून थेट हॉस्पिटलात आल्या. बाळाकडे पोटभर पाहून झालं, मग त्यांनी पिशवीतून वही काढली.

“आत्या, अगं नाव ठरलंय,” पार्थ म्हणाला. “ऋषी. मेइच्या आईबाबांना पण म्हणता येतं, इथल्या लोकांना पण. आम्ही ॲपवर चेक केलं.”

“छान आहे,” ताई म्हणाल्या आणि वही परत पिशवीत गेली.

मला पोराचा असा राग आला की सांगता सोय नाही. नाव ठेवायला ॲप, आणि सख्खी आत्याआजी समोर उभी. पण प्रसूतीच्या वॉर्डात आवाज कसा चढवणार? मी फक्त त्याच्याकडे बघितलं, आणि माझ्या बघण्याचा अर्थ त्याला लहानपणापासून कळतो.

पण ती वही पिशवीत परत जाताना खरं पाहिलं मेइने. दोन दिवसांनी तिनेच पार्थच्या फोनवरून ताईंना फोन लावला. बाळाला एक चिनी नावही हवं, म्हणाली. आडनाव तिचं, लिन, म्हणजे गावाकडच्या माणसांना हाक मारायला सोपं. तिने बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, मूल पार्थच्या घरचं आहे, तिकडच्या मोठ्यांनी ठेवावं. “तर आत्या, तुम्ही ठेवाल का?”

मला वाटलं, ही दुधाची तहान ताकावर. ताईंना मात्र तसं मुळीच वाटलं नाही. त्यांनी लगेच मला फोन केला.

“विभा, आता महिनाभर मला फोन करू नकोस.”

“का हो?”

“काम आहे.”

महिनाभर अशासाठी, की चिनी लोकांत मूल महिन्याचं झालं की सोहळा करतात. आपलं बारसं बाराव्या दिवशी. दोघांचा मान राहावा म्हणून बारसंच तिसाव्या दिवशी धरलं होतं, आणि मेइचे आईबाबाही तेव्हा येणार होते. त्या महिन्यात ताईंनी काय काय केलं ते मला नंतर कळलं. दोन जाडजूड शब्दकोश, चाळीस नावांची यादी, त्यातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ, रेघा, उच्चार. नाव कागदावर उभं लिहिलं तर कसं दिसेल, आडवं लिहिलं तर कसं. शनिवारी त्या ब्रशने अक्षरं काढायच्या वर्गाला जातात, तिथे इतर बायका बांबूची चित्रं काढत असताना या कोपऱ्यात बसून एकच नाव गिरवायच्या आणि कोणी आलं की कागद पालथा घालायच्या. बारशाआधी नाव फोडायचं नसतं ना. त्यांच्या ऑफिसात दोन चिनी मुली आहेत. त्यांना नुसतं विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण तीन हजार अक्षरं येणाऱ्या माणसाने विचारायचं कोणाला?

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे आमच्याकडे जमले. मेइचे बाबा बारीक अंगाचे, ताठ बसणारे. जन्मभर बसगाड्या दुरुस्त केलेले, हात अजून तसे कणखर. त्यांना जपानी येत नाही, इंग्रजी येत नाही. मेइची आई आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि तिने पिशवीतून साठ अंडी काढली. महिन्याच्या सोहळ्याला उकडून लाल रंगवायची आणि वाटायची. माझ्या ओट्यावर आजवर अंडं फुटलेलं नाही. मी देवाकडे पाहिलं, मग त्या बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला, आणि मोठं पातेलं काढून दिलं.

चहा-चिवडा झाल्यावर ताई उठल्या. नेसूची साडी सारखी केली आणि पिशवीतून गुंडाळी काढली. नाव बारशाआधी फोडायचं नाही हा नियम मोडायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते एका माणसासाठी. जपानात बाळाचं नाव ब्रशने कागदावर लिहून भिंतीवर लावतात, तसा तो पांढरा जाड कागद होता. ताईंनी तो मेइच्या बाबांसमोर टेबलावर उलगडला. आम्हाला समजावं म्हणून मराठीत म्हणाल्या, “लिन वेनयुआन. वेन म्हणजे विद्या. युआन म्हणजे दूर. दूरवर पोचणारी विद्या. आणि वेन हे अक्षर घेतलंय यांच्या नावातून. मी लग्नपत्रिकेवर बघून ठेवलं होतं, लिन वेनताओ. नातवाला आजोबांचं नाव.”

अक्षरं फार सुंदर आली होती. मला त्यातलं एकही वाचता येत नाही, तरी दिसत होतं. आणि कल्पनाही मला आवडली, हे कबूल करते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की आजोबा दहा वर्षांनी तरुण होतात. मी मेइच्या बाबांचा चेहरा फुलायची वाट बघत होते.

त्यांनी कागद पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. मग मेइला काहीतरी म्हणाले.

“बाबा म्हणतात, अक्षर फार सुंदर आहे,” मेइ म्हणाली.

“आणि?” ताईंनी विचारलं.

मेइने विचारलं. बाबा पुन्हा तेच बोलले.

“म्हणतात, ब्रशवर हात फार चांगला बसलाय.”

उदय टाळ्या वाजवायच्या बेतात होता. ताई नव्हत्या. पस्तीस वर्षं जपानात काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तुम्ही काय लिहिलंय ते सोडून कसं लिहिलंय याचीच कोणी स्तुती केली, तर कुठेतरी गडबड आहे. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, मेइला म्हणाल्या, “चल, अंडी झाली का बघू,” आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. मी मागोमाग गेले. मेइची आई लाल रंग कालवत होती, तिने मुलीचं तोंड पाहिलं आणि ती हळूच बाहेर जाऊन नवऱ्याशेजारी बसली.

मेइ आधी काही सांगायलाच तयार नव्हती. ताईंनी तिला स्टुलावर बसवलं. मग बोलली. त्यांच्या गावात म्हणे प्रत्येक पिढीला एक अक्षर ठरलेलं असतं. पूर्वजांनी वीस अक्षरांची एक कविता करून ठेवली आहे, आणि पिढ्यांनी तिच्या क्रमाने चालायचं. एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात एकच अक्षर.

“बाबांच्या पिढीचं वेन,” मेइ म्हणाली. “बाबा वेन, काका वेन, चुलतकाका वेन. ऋषी वेन झाला, तर तो बाबांचा धाकटा भाऊ झाला.”

ताईंनी हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं.

“आणि मोठ्यांच्या नावातलं अक्षर लहान मुलाला कधी ठेवत नाहीत आमच्यात. ते अपमानासारखं होतं. ऋषीला ओरडायचं म्हटलं तर माझ्या तोंडी बाबांचं नाव येणार.”

मला रागच आला. राग आला की मला थांबता येत नाही. “मग हे आधी सांगायला काय झालं होतं? ‘तुम्हीच ठेवा’ कशाला म्हणाले ते?”

“ते तसंच म्हणणार ना, आई,” मेइ म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मुलीचा मुलगा. तो तुमच्या घरचा. त्याच्यासाठी आमच्या कवितेतलं अक्षर मागायचं कसं? लाज वाटते त्यांना.”

ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी एवढ्या वर्षांत असा पाहिला नव्हता. इतक्या माणसांनी त्यांना विचारून कामं केली, कागद तपासून घेतले, आणि ज्या एका कामाची त्या आयुष्यभर वाट बघत होत्या तेच असं झालं.

“पस्तीस वर्षं इथे राहून हे केलं मी,” त्या म्हणाल्या. “मी नाही ठेवत नाव. उद्या पाळण्याशी तू उभी राहा विभा, नाहीतर त्या ॲपला उभं करा.”

“मी कशी उभी राहू, मी आजी.”

“मग कोणीही राहा.” त्यांनी ती गुंडाळी कचऱ्याच्या डब्याशी नेली. आणि तशाही अवस्थेत, कागद जाळायच्या कचऱ्यात की पुनर्वापराच्या, म्हणून तिथे क्षणभर थांबल्या. तो क्षण मला पुरला.

“ताई,” मी म्हणाले, “आपल्या नंदूकाकांचं खरं नाव काय हो?”

“आत्ता काय नंदूकाकांचं?”

“सांगा तर.”

“हरी. आजोबांचं नाव ठेवलं होतं.”

“मग नंदू का?”

नंदूकाका हे त्यांचे धाकटे काका. त्यांना त्यांच्या आजोबांचं, म्हणजे आमच्या आजेसासूबाईंच्या सासऱ्यांचं नाव ठेवलं होतं. आता सासऱ्यांचं नाव सून कशी घेणार? त्यात पोरगं द्वाड, दिवसातून दहा वेळा ओरडावं लागायचं. म्हणून त्यांनी त्याचा नंदू केला, आणि तो पाऊणशे वर्षं नंदूच राहिला. आजेसासूबाई इतक्या कडक की एकादशीला देवाचं नावसुद्धा ‘मामंजींचं नाव’ म्हणून घ्यायच्या. ही गोष्ट ताईंनीच मला लग्नानंतर सांगितली होती, घरात कोणाचं नाव घ्यायचं नाही ते कळावं म्हणून.

“म्हणजे आपल्याकडेही हेच होतं,” ताई सावकाश म्हणाल्या. “नाव ठेवायचं, आणि घ्यायचं नाही.”

“यांनी एक पायरी आधीच वाचवली, ठेवतच नाहीत. यात काय एवढं? जा, विचारा त्यांना.”

“काय विचारू?”

“तुम्हाला जे येतं ते. लिहा.”

गुंडाळी ओट्यावर ठेवून ताई बाहेर गेल्या. पिशवीतली वही आणि पेन घेतलं आणि मेइच्या बाबांसमोर जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. ताईंना चिनी बोलता येत नाही आणि त्यांना जपानी, पण अक्षरं दोघांची बरीचशी एकच. ताईंनी एक ओळ लिहिली आणि वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी चष्मा पुढे ओढून वाचली, खाली एक ओळ लिहिली, वही परत दिली. कुठे एखादं अक्षर अडलं तर बोटाने टेबलावर गिरवून दाखवायचे. वीस मिनिटं नुसती वही इकडून तिकडे जात होती. मेइ दोघांच्या मागे उभी राहून आम्हाला वाचून दाखवत होती.

ताईंनी लिहिलं, माझी चूक झाली. तुमच्या पिढ्यांची अक्षरं असतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं, चूक माझी. माहीत असून मी बोललो नाही. ताईंनी नंदूकाकांची हकिगत लिहिली, ती दीड पान झाली. ती वाचून त्यांनी लिहिलं, मग नातवाला आजोबांचं नाव ठेवताच कशाला? ताईंनी लिहिलं, मायेपोटी ठेवतो आणि मग सुना घेत नाहीत. त्यावर ते इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मेइची आई म्हणाली, इकडे आल्यापासून पहिल्यांदा हसले.

मग ताईंनी लिहिलं, नातवाच्या पिढीचं अक्षर कोणतं?

त्यांनी पेन खाली ठेवलं. खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून चौपदरी कागद काढला. घड्यांवर झिजलेला. वीस अक्षरं, चार ओळी. विचारायचं नाही असं ठरवून आलेला माणूस हा कागद समुद्र ओलांडून घेऊन आला होता, आणि ते मला फार लागलं. मघाशी या माणसावर रागावले होते याची लाज वाटली. त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं, वेन. त्याच्या पुढचं अक्षर मेइच्या पिढीचं. मेइ मुलगी, आणि त्या काळी सरकारी नियमाने मूल एकच, म्हणून तिला ते मिळालं नाही आणि हा कागद तेव्हापासून घडी घालून ठेवलेला. बोट आणखी एक घर पुढे गेलं.

“मिंग,” ते मोठ्याने म्हणाले.

“उजेड,” ताई आम्हाला म्हणाल्या. “सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी काढतात.”

ताईंनी ते अक्षर वहीत मोठं काढलं, त्यांच्यासमोर ठेवलं, हात जोडून नमस्कार केला आणि उठायला लागल्या. त्यांच्या मते काम संपलं होतं. मान ज्याचा त्याला पोचला होता. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा त्यांच्या तीन हजार अक्षरांचा कधी वाटला नव्हता. पण मेइच्या बाबांनी वही ओढून घेतली आणि घाईघाईने काहीतरी लिहिलं.

मेइने वाचलं. “कविता एकच अक्षर देते. दुसरं घरातल्या मोठ्यांनी निवडायचं. आमच्या घरात आता सगळ्यांत मोठ्या तुम्ही. मी तुमच्याहून दोन वर्षांनी लहान आहे.”

वय निघाल्याचं ताईंना एरवी खपत नाही. आज खपलं. त्यांनी वहीची पानं उलटून चाळीस नावांची यादी काढली, वरून खालपर्यंत पाहिली आणि मिटली. मग मिंगच्या खाली युआन लिहिलं.

“दूर,” त्या म्हणाल्या. “हे मी सोडणार नाही. इथे बसलेल्यांपैकी कोण जवळून आलंय?”

मेइच्या बाबांनी ते नाव वाचलं. मिंगयुआन. मग आडनावासकट म्हटलं, लिन मिंगयुआन. मग मेइच्या आईने म्हटलं, आणि तिने म्हटल्यावर त्यांनी पुन्हा म्हटलं. अक्षराची, ब्रशवरच्या हाताची कोणी एका शब्दाने स्तुती केली नाही. ताईंना काय ते समजलं.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या सभागृहात बारसं झालं. फुलं लावलेला पाळणा, एका ताटात पेढे आणि शेजारच्या ताटात लाल अंडी. आमच्या भजनाच्या बायका आधी पेढे घ्यायच्या, मग इकडे तिकडे बघून अंडंही पर्समध्ये टाकायच्या. भिंतीवर ताईंनी सकाळी नव्याने लिहिलेला कागद होता. पुरुषमंडळी रीतीप्रमाणे मागे उभी होती, आणि त्यांच्यात मेइचे बाबा, कोट घालून, हात मागे बांधून.

ताईंनी पाळण्यावर वाकून ऋषी हे नाव सांगितलं, ॲपवरचं, पण अगदी मनापासून. मग सरळ झाल्या आणि मेइच्या बाबांना हात केला. त्या कोणा दुसऱ्याला बोलावतायत असं समजून त्यांनी मागे पाहिलं. उदय म्हणाला, “ताई, अगं पुरुष नाही येत पाळण्याशी.”

“काल मी यांच्या नातवाला यांचा भाऊ करत होते,” ताई म्हणाल्या. “आज यांना आत्या करू. फिटंफाट.”

पार्थने ते मेइला जपानीत सांगितलं, आणि तिने भाषांतर केल्यावर बाबा आले. ताईंनी त्यांना बाळाचा उजवा कान दाखवला. त्यांनी वाकून काय म्हटलं ते आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लांब होतं. पूर्ण कविता म्हणत होते, पहिल्या अक्षरापासून. मिंगपाशी आले आणि थांबले, ताईंकडे पाहिलं. ताई दुसऱ्या बाजूने वाकल्या आणि डाव्या कानात म्हणाल्या, “युआन. कुर्र.”

आत्या नाव सांगत असते तेव्हा बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. मी सर्वांत पुढे होते. एकतीस वर्षांचे कौस्तुभराव माझ्या मनात होते, आणि कालचा तो कचऱ्याच्या डब्याशी थबकलेला चेहराही. मी हात राखला नाही. भजनाच्या बायकांनीही राखला नाही. मेइच्या आईने ते पाहिलं, नाव सांगणाऱ्याला मारायचं असतं एवढं तिला कळलं, आणि तिने नवऱ्याच्या पाठीत असा एक दिला की ते पाळण्याला धरून उभे राहिले. बाळ तेवढं शांत होतं.

सगळे पांगल्यावर आम्ही सभागृह झाडून, किल्ली परत करून घरी आलो. ताई खुर्चीत अंमळ वाकड्याच बसल्या.

“विभा, पाठ चांगलीच दुखतेय गं.”

“बाम लावून देऊ?”

“नको,” ताई म्हणाल्या. “दुखू दे.”